ओहोटीच्या वेळी कामणदुर्ग

कामणदुर्ग चढायचा तर पहाटे निघावं, उन्हं तापायच्या आत माथा गाठावा आणि दुपारच्या जेवणाला खाली यावं, असं मला आता जो तो सांगतो. आम्ही चढायला लागलो सकाळी अकरा वाजता. कारण त्या दिवशी ओहोटी चार वाजता होती.

डोंगराला कुठली आली भरती-ओहोटी, असं म्हणून आमच्या शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. मीही हसले असते. पण मला डोंगरावर नेणारा माणूस वसईच्या पाचूबंदरचा तांडेल होता आणि तो माझा बाप होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. सुकाणू त्याच्या हातात आणि होडीवरच्या माणसांचे जीवही त्याच्याच हातात. पप्पांनी पन्नास वर्षं हे काम केलं. त्यांच्यासाठी दिवसाला सकाळ, दुपार, संध्याकाळ नसते. पाणी चढतं आणि पाणी उतरतं, एवढंच असतं. माझ्या लग्नाची चर्चमधली मिस्सा अर्धा तास उशिरा करा म्हणून ते फादरांकडे गेले होते, कारण भरतीला दोन होड्या आत यायच्या होत्या आणि त्यांवर माझे दोन काका होते. फादरांनी मिस्सा उशिरा केली. मी नवरीच्या कपड्यांत घाम पुसत बसले.

कामणदुर्गाची उंची दोन हजार फुटांच्या थोडी वर. हिमालय करून आलेल्यांनी खुशाल नाक मुरडावं. आम्ही समुद्राच्या काठची माणसं, आमच्या पायांना चढ म्हणजे काय तर चर्चच्या पायऱ्या. मी नालासोपाऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवते, वय शेहेचाळीस, वजन सांगत नाही. सहलीला मुलं गडावर जातात तेव्हा मी बसजवळ डबे सांभाळायला थांबते. तरीही मी गेले, आणि का गेले ते आधी सांगते.

पाचूबंदर, रविवार

दर रविवारी मिस्सा आटोपली की मी पप्पांकडे जेवायला जाते. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. वय बहात्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला आणि कळेपर्यंत उशीर झाला होता. समोरचं थोडं, नळीतून बघावं तसं दिसतं; आजूबाजूचं गेलं, लांबचं धूसर झालं. गेलेली नजर परत येणार नाही आणि आहे ती किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सरळ सांगितलं. पप्पांनी ऐकून घेतलं, डॉक्टरांना सुके बोंबील पाठवीन म्हणाले आणि घरी आले.

त्या रविवारी बोयट माशाचं कालवण भुरकता भुरकता ते म्हणाले, "बाय, मना कामनावर न्ये."

मला वाटलं, कामणच्या बाजारात जायचं असेल. मी म्हटलं, "काय आणायचंय?"

"आनायचं काय नाय. मेनबत्ती लावाची हाय. डोंगरावर."

मग त्यांनी जी गोष्ट सांगितली, ती मी पहिल्यांदाच ऐकत होते. आईलाही ठाऊक नव्हती म्हणे.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी, पावसाळा सरल्यावर, पप्पांची होडी पाच माणसांसह वादळात सापडली. इंजिन बंद पडलं, शीड फाटलं. एक रात्र आणि एक दिवस ती वाहवत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग इतके खाली आले होते की किनारा कुठल्या बाजूला आहे तेही कळेना. आणि समोर पाणी फुटल्याचा आवाज येऊ लागला. आमच्या किनाऱ्यापासून आत खडकांची एक लांब रांग आहे. भरतीला ती बुडते, ओहोटीला वर येते. कोळी तिला दात म्हणतात. त्या दातांत सापडलेली होडी परत मिळत नाही.

"तवा ढग फाटला," पप्पा म्हणाले. "इतकाच. दोन घास जेवशील इतकाच वेल. आनी मना कामनाचा डोंगर दिसला. त्याचा उंचवटा, आनी बरोबर त्याच्या पुढं आपल्या देवलाचा मनोरा. एकावर एक. जसा कोनी ठेवला."

त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं की चर्चचा मनोरा त्या उंचवट्यावर बसला की होडी दातांच्या दक्षिण टोकाला असते आणि तिथून वाट मोकळी. पप्पांनी मनोरा उंचवट्यावरून हलू दिला नाही. डावीकडे सरकला की डावीकडे वल्हवलं, उजवीकडे सरकला की उजवीकडे. पाचही जण घरी आले. मी तेव्हा आईच्या पोटात सात महिन्यांची होते.

"मी मनात बोललो, वाचलो तर ज्या जागेनं मना वाट दाखवली, त्याच जागेवर येऊन मेनबत्ती लावीन. देवलातल्या मावलीला नाय बोललो, डोंगराला बोललो. म्हनून फादरला कवा सांगितला नाय."

"मग शेहेचाळीस वर्षं काय केलंत?" मी विचारलं. माझा स्वभावच तसा आहे, गहिवर यायच्या आधी माझ्या तोंडून प्रश्न येतो.

त्यांचं उत्तर बिनतोड होतं. पावसाळ्यात होड्या काठावर, म्हणजे त्यांना सुट्टी. पण पावसाळ्यात डोंगर निसरडा, चढायची सोय नाही. पाऊस संपून डोंगर मोकळा झाला की होड्या पाण्यात, तांडेलाला उसंत नाही. असं वर्षामागून वर्ष गेलं. होडी सोडल्यावर आईचं आजारपण आलं. आणि आता डोळे.

मी पुढचा सगळा आठवडा त्यांना परावृत्त करण्यात घालवला. नवस फेडायला दुसरं कुणी गेलं तर चालतं, मी एकटी जाते, आमच्या शाळेचा पीटीचा शिक्षक जाईल. ते ऐकून घेत होते आणि पंचांग बघायला सांगत होते. त्रयोदशी पाहिजे होती. त्रयोदशीला चारच्या सुमारास पाणी उतरतं आणि दात उघडे पडतात.

"दात कशाला बघायचेत डोंगरावरून?"

"जागा बरोबर हाय का नाय ते कसं कलनार? नुसता मनोरा बगून काय व्हनार?"

हा माणूस चौथी शिकलेला आणि मी एम.एस्सी. तरी मला कागदावर आकृती काढावी लागली, तेव्हा कुठे पटलं. समुद्रावर दात, मनोरा आणि डोंगराचा तो उंचवटा एका रेषेत होते. म्हणजे त्या उंचवट्यावर उभं राहिलं तर मनोरा दातांच्या दक्षिण टोकावर बसलेला दिसला पाहिजे. नाही बसला तर जागा चुकली.

पायथ्याचा पाडा

आमची तयारी सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. पाण्याच्या दोन बाटल्या. आगाशीहून आणलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, कारण ती टिकतात. पावाबरोबर कोलंबीचं लोणचं, कारण ते पप्पांना आवडतं. नवऱ्याची पक्षी बघायची दुर्बीण. होडीवरचा नायलॉनचा दोर, पप्पांच्या आग्रहाखातर. आणि माझे बूट, जे मी सहा वर्षांपूर्वी रोज चालायला जायचं ठरवून घेतले होते आणि खोक्यातून बाहेर काढले नव्हते. गोड खाऊन तहान लागते, खारट खाऊन जास्त लागते. आम्ही दोन्ही नेलं आणि पाणी दोन बाटल्या.

रिक्षाने पाड्यावर उतरलो तेव्हा जानकी अंगणात विळ्याला धार लावत होती. पाड्यातल्या बायका गवत कापायला वर जातात, त्यातली ती. चाळिशीची, माझ्या निम्म्या अंगाची. वाट दाखवशील का विचारलं, तर तिने आधी सूर्याकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"आता? ह्या वक्ताला तर गुरं पन सावलीला येतात. सकाली का नाय आलां?"

"ओहोटी चारला हाय," पप्पा म्हणाले.

जानकीने माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असा तो प्रश्न होता. मी सगळं सांगितलं, वादळ, मनोरा, नवस, डोळे. ऐकता ऐकता तिने विळा खाली ठेवला. मग आत जाऊन पाण्याचा मोठा कॅन घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या दोन बाटल्या तर त्या वडापत्तुर पन पुरायच्या नाय."

निघायच्या आधी तिने आम्हाला खायला घातलं. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, वर कच्चा कांदा. पप्पांनी घास तोंडात घातला आणि थांबले. जवळा कुठून आणतेस, विचारलं. कामणच्या बाजारातून, कोळणी घेऊन येतात. पप्पा इतके खूश झाले की काय सांगू. आपण समुद्रावर असताना डोंगर आपल्याला वाट दाखवत होता आणि डोंगरावरची माणसं आपला जवळा खात होती, हे त्यांनी नंतर घरी सगळ्यांना सांगितलं, मीठमसाला लावून. मला मात्र वेगळंच नवल वाटलं. आमच्याकडे अनोळखी माणूस आला तर आधी नाव-गाव, पॅरिश म्हणजे चर्च कुठलं, कोणाचा कोण, ही चौकशी होते आणि मग चहा. इथे भाकरी आधी आली. नाव तर आम्ही निम्मा डोंगर चढल्यावर एकमेकींना विचारलं.

चढ

पहिला तासभर मी जानकीच्या मागे नेटाने चालले. मग माझ्या नाकी नऊ आले. डिसेंबरचं ऊनही उघड्या कातळावर असं भाजतं हे मला वर्गात बसून कसं कळावं? गुडघे कुरकुरायला लागले, कानात धडधड ऐकू यायला लागली. दर वळणावर मला वाटायचं, आला माथा. आणि दर वळणानंतर तेवढाच डोंगर पुन्हा समोर उभा.

पप्पांनी चप्पल काढून पिशवीत टाकली होती. दोराचं एक टोक जानकीच्या कमरेला, दुसरं स्वतःच्या, मधे चार हातांचं अंतर. पुढे दोर ताणला की चढ आहे, सैल पडला की सपाटी, हे त्यांना बघावं लागत नव्हतं. अनवाणी पायाची बोटं फाकवून ते दगड चाचपत आणि मगच वजन टाकत. हलत्या होडीवर पन्नास वर्षं उभा राहिलेला माणूस हलत्या दगडाला काय भीक घालणार? ते एकदाही घसरले नाहीत. मी चारदा घसरले, माझ्या दोन्ही डोळ्यांनिशी.

चौथ्यांदा घसरले ती बुटामुळे. उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि मगरीने जबडा उघडावा तसा लोंबायला लागला. सहा वर्षं खोक्यात पडून डिंक वाळला होता. पाच मिनिटांनी डाव्याचाही सुटला. मी मटकन खाली बसले आणि मला रडू आलं. आता परत जाऊ या, असं मी स्पष्ट म्हटलं. पप्पा माझ्या पायाशी बसले, दोराचा तुकडा कापला आणि बूट माझ्या पावलाला बांधू लागले. डोळे भलतीकडेच होते, बोटं आपापलं काम करत होती. वरून एक, खालून एक, टाचेमागून एक, आणि शेवटी गाठ. जानकी वाकून बघत राहिली.

"ही गाठ मना शिकव, बाबा," ती म्हणाली. "आमचा भारा सुटतो उतरताना."

दोघं तिथेच शिकवणी घेऊन बसली. पप्पांनी तिला गाठ तीनदा बांधून दाखवली, चौथ्यांदा तिने बांधली. मी इतकी वर्षं शिकवतेय, पण इतकं एकाग्र होऊन शिकणारं माणूस मी क्वचित बघितलंय. माझं रडू कधी थांबलं ते मला कळलंही नाही.

बूट टिकले ते थेट घरापर्यंत.

टाक्यापाशी

दोन वाजता जानकीचा कॅनही आटला. लोणच्याने आपलं काम चोख केलं होतं. जीभ टाळूला चिकटली होती आणि सुकेळ्यांकडे बघवत नव्हतं. जानकी म्हणाली, टाक्यापर्यंत कळ काढा. टाकं म्हणजे कातळात खोदलेला हौद, जुन्या काळी गडावरच्या माणसांसाठी केलेला. तिथपर्यंतचा शेवटचा टप्पा सरळ उभा होता, दोन्ही हातांनी खडक धरून चढायचा. जानकी आधी वर गेली, दोर एका झाडाला बांधला आणि खाली सोडला. पप्पा म्हणाले, "आता मी पुडं." आणि दोराला धरून डोलकाठीवर चढावं तसे वर गेले. मला वर घ्यायला दोघं लागली. त्याचं वर्णन करत नाही.

टाक्यातलं पाणी हिरवट काळं दिसत होतं. घरी मी गाळलेलं, उकळलेलं पाणी पिते. तिथे मी पदराने गाळून ओंजळीने प्यायले. थंडगार, थोडी मातीची चव. आयुष्यात इतकं चांगलं पाणी मी प्यायलेली नाही आणि हे मी विचारपूर्वक लिहितेय. ज्या कोणी त्या उंचीवर छिन्नीने कातळ फोडून पावसाचं पाणी धरलं, त्याला माझे हात जोडून नमस्कार.

पप्पांनी पाणी चाखलं आणि म्हणाले, "गोड हाय." मग ओंजळ पुन्हा भरून, "आमी तवा दोन दिवस पान्यावर होतो आनी पिवाला पानी नव्हता."

माथा

सव्वातीनला आम्ही माथ्यावर होतो. वारा असा की बोललेलं तोंडातच राहावं. आणि समोर जे दिसलं, त्याची मला खरंच कल्पना नव्हती.

माझं अख्खं आयुष्य तिथे खाली पसरलं होतं. वसईची खाडी उन्हात पत्र्यासारखी चमकत होती. काठाला मिठागरांचे चौकोन, मग तिवरांचा काळपट पट्टा. उजवीकडे नालासोपारा आणि विरार, काड्यापेट्या उभ्या करून ठेवाव्यात तशा इमारती, त्यांतल्या एकीत माझी शाळा, एकीत माझं घर, आणि कुठली माझी ते काही केल्या ओळखू येईना. त्यांच्या पलीकडे भुईगावच्या बाजूची वाड्यांची हिरवी कड. आणि मग समुद्र, संपतच नव्हता. रोज ज्या गर्दीत मी हैराण होते ती वरून इतकी शांत दिसत होती की मला तिची मायाच आली.

पप्पा पश्चिमेकडे तोंड करून उभे होते. त्यांना उजेड दिसत होता, बाकी काही नाही.

"मनोरा बग," ते म्हणाले.

मी दुर्बीण लावली. आधी दोन इमारतींनाच मनोरा समजले. मग सापडला, समुद्राच्या लकाकीवर उभी बारीक काळी रेघ. त्याच्या मागे पाण्यात दातांची रांग, नुकतीच उघडी पडलेली, काळी, कडेला फेस. दक्षिणेचं टोकही स्वच्छ दिसत होतं.

मनोरा टोकावर नव्हता. टोकाच्या डावीकडे होता. कितीसा? हात लांब केला तर करंगळीच्या नखाएवढा. नखसुद्धा अर्धंच.

"बसला का टोकावर?" पप्पांनी विचारलं.

आता मी खोटं लिहिणार नाही. माझ्या पायांत त्राण उरलं नव्हतं, टाचांना फोड आले होते, उतार अजून बाकी होता. मेणबत्ती माझ्याच पिशवीत होती. माझ्यासमोर एक म्हातारा उभा होता ज्याला काहीच दिसत नव्हतं आणि जो माझ्या एका शब्दावर सुखाने घरी येणार होता. शाळेत एवढ्या फरकाला मी उत्तर बरोबर धरते आणि पूर्ण गुण देते. "हो" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी श्वासही घेतला.

"नाही, पप्पा," मी म्हटलं. "मनोरा डावीकडे आहे. नखभर."

"नखभर म्हंजे खडकावर," ते म्हणाले. रागाने नाही, खुशीत म्हणाले. "मंग आपुन पन डाव्या हाताला सरकाचा."

मी आकृती आठवली. बरोबर होतं. त्यांना आकृती लागली नव्हती.

मग चूक कुठे झाली तेही त्यांनाच उमगलं. समुद्रावरून जवळचा बुटका उंचवटा मागच्या उंच शिखराएवढाच दिसतो. त्यांच्या वडिलांनी, आजोबांनी, सगळ्या पाचूबंदराने ज्याला कामणाचा माथा म्हटलं, तो माथा नव्हताच. जानकीला विचारलं, डावीकडे खाली काय आहे? ती म्हणाली, "तितं काय नाय. सोंडेवर एक टेकाड हाय, आमी गवत कापतो. तितून पाड्यावर उतराची जवलची वाट पन हाय."

"त्याला नाव काय?"

"गवताच्या जागंला नाव कशाला?"

सोंडेवर

डोंगराच्या सोंडेवरून आम्ही दक्षिणेकडे उतरत गेलो. पुढे जानकी, मधे पप्पा, मागे मी. दर पन्नास पावलांवर मी थांबायची, दुर्बीण लावायची आणि ओरडायची, "अजून डावीकडे!" गवत कमरेएवढं, वाळलेलं, सोनेरी. कुसळं साडीत, झिपऱ्यांत, दोरांनी बांधलेल्या बुटांत. पण मला थकवा आठवेना. कधी एकदा ती दोन काळी टोकं एकमेकांना भिडतात असं झालं होतं. पाव नख उरलं. मग केसाएवढी फट. इतकी वर्षं मी फळ्यावर रेषा काढतेय, पण रेषेवर उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक नव्हतं.

टेकाडावर चढलो. तिथे खरंच काही नव्हतं. गवत, एक काळा खडक, खडकावर विळ्यांना धार लावल्याच्या खुणा. मी दुर्बीण लावली.

मनोरा टोकावर बसला होता. एकावर एक, जसा कोणी ठेवला.

"आलं," मी म्हटलं. "पप्पा, आलं. बसलाय."

पप्पांनी टोपी काढली, क्रुसाची खूण केली आणि गुडघे टेकले. मी मेणबत्ती दिली. तीन काड्या वाऱ्याने विझवल्या. मग जानकीने डोक्यावरचा पदर सोडून खडकाभोवती आडोसा धरला आणि चौथी काडी टिकली. ज्योत इतकी लहान होती की हाताच्या अंतरावरूनही उन्हात दिसत नव्हती. पप्पांनी तिच्यावर तळवा धरला. ऊब लागल्यावर मान हलवली.

जानकीने विचारलं, पाच जणांतले आता किती आहेत? "मी एकला," पप्पा म्हणाले. मग त्यांनी एकेकाचं नाव घेतलं, चारही नावं, त्या उंचवट्याला सांगितल्यासारखी. माझ्या दोन्ही काकांची नावं त्यात होती.

उतरायच्या आधी ते माझ्याकडे वळले.

"मगाशी वरती तू थांबली होतीस."

मी म्हटलं, "दुर्बीण नीट बसत नव्हती."

"मना दिसत नाय, ऐकू येतं," ते म्हणाले. "तू श्वास घेतलास नि थांबलीस. तू हो बोलली असतीस, तर मी तितंच पेटवली असती. एक शब्द बोललो नसतो."

"मग काय फरक पडला असता?"

"मना काय नाय. मी सुखात उतरलो असतो." त्यांनी हात पुढे करून माझा खांदा शोधला. "तुला उतरता आला नसता, बाय. माज्यामागं जलमभर तू त्या डोंगराकडं बगून नजर खाली घातली असतीस."

जानकी वाट मोकळी करायला पुढे गेली होती. मी बुटातला खडा काढायचं निमित्त करून गवतात बसले आणि पोटभर रडून घेतलं. पप्पा शेजारी उभे राहिले, हात माझ्या खांद्यावर, तोंड समुद्राकडे. घाई कर म्हणाले नाहीत.